सर गेल्यानंतर कराटेचा सराव: काय जपायचं, काय थांबवायचं, कोणाला दाखवायचं

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातला शोतोकान शैलीच्या कराटेचा क्लास. शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून चार संध्याकाळी भरायचा. शिकवणारे सर अचानक वारले. मागे दोन शोदान (पहिल्या पायरीचे ब्लॅक बेल्ट), पाच-सहा ब्राउन बेल्ट आणि तीसेक लहान मुलं राहिली आहेत. त्याच शैलीचा दुसरा क्लास दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. सराव चालू ठेवायचाय. पण कसा, किती दिवस, आणि चुकत असेल तर कळणार कसं?

आधी थेट उत्तर. दोन्ही शोदान आणि वरचे ब्राउन बेल्ट वर्षभर स्वतःच्या बळावर सराव चालवू शकतात, मात्र दर तीन महिन्यांनी बाहेरून कोणीतरी जाणकार येऊन बघायला हवा. पांढऱ्या, पिवळ्या, नारिंगी बेल्टच्या मुलांना हे लागू नाही. त्यांच्या अंगात अजून काही मुरलेलंच नाही, त्यामुळे जपायला काही नाही आणि बिघडायला सगळं आहे. त्यांच्यासाठी दोन-तीन महिन्यांत शिक्षक शोधा. तोवर फक्त व्यायाम, मूलभूत किहोन (ठोसे, लाथा, पवित्रे यांचा सुटा सराव) आणि येणारा काता (ठरावीक हालचालींची मालिका). मधल्या बेल्टची मुलं वरच्यांच्या शेजारी उभी राहून सराव करू शकतात, पण त्यांना नवीन काही शिकवू नका.

सर एकाच वेळी चार कामं करत होते: मोजणी देऊन क्लासचा वेग धरायचे, कोणाला पुढचं काय आणि कधी द्यायचं ते ठरवायचे, कुमितेत (जोडीदाराशी लढतीच्या सरावात) कोणी पेटलं की थांबवायचे, आणि चूक बघायचे. पहिली तीन कामं तुम्ही आपसात वाटून घेऊ शकता. चौथं वाटता येत नाही, कारण चुकणाऱ्याला आपलं बरोबरच वाटत असतं आणि शेजारचाही त्याच साच्यातून आलेला असतो. पुढचं बहुतेक सगळं या चौथ्या कामाबद्दल आहे.

पहिला महिना: आधी लिहा, मग बोला

तेरावं झालं की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला हॉल उघडा. अर्धा तासच सराव झाला तरी चालेल. क्लास महिनाभर बंद राहिला की मुलं ट्यूशनला जातात आणि हॉल दुसऱ्या कोणाला दिला जातो.

त्या पहिल्या महिन्यात एक काम सरावापेक्षाही महत्त्वाचं आहे. प्रत्येक ब्राउन आणि ब्लॅक बेल्टनं स्वतःला आठवतं ते एकट्यानं लिहून काढायचं: येणारे सगळे काता, क्लासमध्ये होणारे जोडीचे सराव, त्यांचा क्रम, आणि सर आपल्याला वारंवार काय टोकायचे ते. लिहून होईपर्यंत आपसात चर्चा करायची नाही. चौघं एकत्र बसून आठवू लागले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते, आणि पंधरा दिवसांनी बाकीच्यांना आपलं मूळचं काय होतं तेही सांगता येत नाही. टोकलेल्या गोष्टी तर लिहाच. सरांनी एकाला टाच उचलते म्हणून सांगितलेलं असतं, दुसरीला खांदा पुढे येतो म्हणून. एकत्र केल्या की त्यातून सरांना काय महत्त्वाचं वाटत होतं ते दिसतं.

मग प्रत्येकाचा प्रत्येक काता चित्रित करा, एकदा समोरून आणि एकदा बाजूनं. मोबाइल तिपाईवर, कमरेच्या उंचीला, पाच-सहा मीटर लांब, आडवा. वरून घेतलं की पवित्र्याची खोली कळत नाही. वाइड लेन्स वापरू नका, कडेला गेलेलं शरीर वाकडं दिसतं. सेकंदाला ६० फ्रेमची सोय असेल तर ती घ्या, कंबर आधी फिरली की हात आधी गेला ते त्यातच दिसतं. आवाज चालू ठेवा. पाय आपटून पडतो की सरकत येतो ते कानाला लवकर कळतं.

आता तुलना. सगळ्यांचं जुळतं ते एका यादीत, फरक पडतो ते दुसऱ्या, आणि कोणालाच नक्की आठवत नाही ते तिसऱ्या. दुसऱ्या यादीचा निकाल आपसात मतदान घेऊन लावू नका. सरांचे दहा वर्षांपूर्वीचे विद्यार्थी पुण्या-मुंबईत नोकरीला असतील, त्यांना विचारा. शाळेच्या स्नेहसंमेलनातली प्रात्यक्षिकं, जुन्या शिबिरांची चित्रफीत, कोणाच्या तरी पालकांच्या मोबाइलमधल्या क्लिपा गोळा करा. सरांच्या घरी त्यांच्या वह्या असतील, पण त्या मागायला महिनाभर थांबा.

इंटरनेटवरच्या चित्रफितीवरून निकाल लावण्याचा मोह होईल. तिथं सावध राहा, कारण नाव तेच असलं तरी घराणं वेगळं असतं. शोतोकानचे प्रवर्तक फुनाकोशी यांनी पिनान नावाच्या पाच कातांना हेइआन नाव देताना पहिल्या दोघांचा क्रम उलटवला. त्यामुळे शितो-र्यू या दुसऱ्या शैलीचा पिनान निदान (दुसरा) म्हणजे तुमचा हेइआन शोदान (पहिला). तुम्ही जिथं कोकुत्सु दाची (वजन मागच्या पायावर ठेवलेला पवित्रा) घेता तिथं शितो-र्यूवाले बहुतेकदा नेको आशी (त्याहून आखूड पवित्रा) घेतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, मिसळले की दोन्ही चुकतात. शिवाय स्पर्धेतल्या कातात थांबे लांबवलेले असतात आणि प्रत्येक फटक्याला गणवेशाचा आवाज काढलेला असतो. मुलं पहिलं तेच उचलतात.

काय घसरतं आणि ते कसं पकडायचं

बघणारा गेला की चुका वाटेल त्या क्रमानं येत नाहीत, त्यांना क्रम असतो. जे दुखतं ते आधी सुटतं, म्हणून पवित्रे पहिले बिघडतात.

झेनकुत्सु दाची (पुढचा गुडघा वाकवलेला लांब पवित्रा) आखूड होते आणि दोन्ही पाय एका रेषेत येऊ लागतात. मागची टाच उचलते, पुढचा गुडघा आत कलतो. हा आत कललेला गुडघाच पुढे दुखायला लागतो; वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहिली पाहिजे. उपाय सोपा आहे. एकदा दोघांनी मिळून प्रत्येकाचा नीट पवित्रा लावायचा, टाचेपासून टाचेपर्यंत लांबी आणि रुंदी टेपनं मोजायची, आणि नावापुढे लिहून ठेवायची. रुंदी साधारण कमरेएवढी. हॉलच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करून महिन्यातून एकदा तपासायचं.

वजन कुठं आहे ते डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं. घरात वापरायचे दोन वजनकाटे आणा, खाली रबरी चटई टाका आणि प्रत्येक पावलाखाली एक ठेवून पवित्रा घ्या. झेनकुत्सुत पुढे ६०, मागे ४० टक्के; कोकुत्सुत पुढे ३०, मागे ७०; किबा दाचीत (घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा) दोन्हीकडे सारखं. म्हणजे साठ किलोच्या माणसाचं कोकुत्सुत मागच्या काट्यावर ४२ आणि पुढच्यावर १८ आलं पाहिजे. पहिल्यांदा उभे राहाल तेव्हा बहुतेकांचं मागं ३५ च्या आसपास भरेल, आणि तरी मांडी भरून आलेली असेल. वजन मधे आणून वरचं अंग मागं झुकवलं की कोकुत्सु खोल दिसते, पण असते लटकी. किबा दाचीत आणखी एक घसरण: पावलं बाहेर उघडतात आणि नितंब मागं जातो. पावलांच्या बाहेरच्या कडा समांतर आहेत का ते फरशीच्या सांध्यांवरून बघा. शहाबादी फरशीचा हा एक उपयोग.

पाऊल टाकताना डोकं वर जातं आणि पुन्हा खाली येतं. भिंतीवर कपाळाच्या उंचीला एक आडवी पट्टी चिकटवा आणि बाजूनं चित्रण करा. डोकं पट्टीच्या वर गेलं की मागचा पाय सरळ झाला असं समजा. हिकिते (मागं ओढलेली मूठ) कमरेपर्यंत न येता बरगडीपाशी थांबते, याला काही साधन लागत नाही. शेजाऱ्यानं कोपरामागं तळहात धरायचा, कोपर त्याला लागलं पाहिजे.

काताचा वेग घड्याळानं तपासा. हेइआन शोदान २१ हालचालींचा, त्याला साधारण ४० सेकंद लागतात. तेक्की शोदान २९ हालचाली, ५० सेकंद. बास्साई दाई ४२ हालचाली, एक मिनिट. कांकू दाई ६५ हालचाली, दीड मिनिट. पाच-सात सेकंद इकडेतिकडे चालतील. पण हेइआन शोदान पंचवीस सेकंदांत संपत असेल तर वळण्याआधी बघणं गेलंय आणि सगळ्या हालचाली एकाच चालीत होतायत. याच कातातली चौथी हालचाल मुद्दाम बघा. तिथं पुढचा पाय मागं ओढून हात सोडवायचा असतो आणि मग मूठ वरून हातोड्यासारखी आणायची. सराव ढिला पडला की पाय ओढणं पहिलं गळतं, उरतो नुसता गोल फिरणारा हात.

आणखी एक तपासणी फुकटची आहे. जिथं काता सुरू केला तिथं खडूनं पावलांची खूण करा. हेइआन शोदान त्याच जागी संपायला हवा. हातभर पुढे संपलात तर एखाद्या दिशेची पावलं लांब पडतायत. मात्र बरोबर जागी संपलात म्हणून खूश होऊ नका, दोन चुका एकमेकींना खोडून काढत असतील. म्हणून खडूची खूण आणि बाजूचं चित्रण दोन्ही हवीत.

डावी बाजू मागं पडते हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पडते. त्यावर नियम करून टाका: किहोनची प्रत्येक फेरी डाव्या बाजूनं सुरू, आणि शेवटची जादा फेरीही डावीच.

एकट्याचा सराव

ज्यांना हॉलपर्यंत पोचता येत नाही त्यांच्यासाठी आठवड्याला चार दिवस, सव्वा तास पुरे. बारा मिनिटं अंग गरम करायला. त्यात पाय झुलवणं, कमरेचे झोके, उठाबशा. दीर्घ ताण देणारे प्रकार शेवटी, सुरुवातीला नाही. पंचवीस मिनिटं किहोन: पाच तंत्रं, प्रत्येकी दहाच्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत लक्ष एकाच गोष्टीवर. ग्याकु झुकीच्या (मागच्या हाताच्या ठोशाच्या) पहिल्या फेरीत मागची टाच, दुसरीत कंबर, तिसरीत हिकिते, चौथीत कशाचाही विचार न करता पूर्ण जोर. सलग शंभर मारले की चाळीसाव्यानंतरचे साठ दमलेल्या शरीराची चूक पक्की करतात. शंभराचा आकडा सरांनी क्लासमध्ये दिला असेल, पण तेव्हा ते समोर उभे होते.

पंचवीस मिनिटं काता, आणि सहा ते आठ आठवडे एकच काता. दोनदा अगदी सावकाश, दोनदा जोर न लावता नेहमीच्या चालीत, दोनदा पूर्ण. नंतर बदल करा: भिंतीकडे पाठ करून सुरू करा, मधल्या हालचालीपासून सुरू करा, आरशातल्यासारखा उलटा करा. दिशा बदलली आणि अडखळलात तर काता हॉलच्या खिडक्यांच्या आधारानं पाठ झालेला होता. उरलेला वेळ पॅडवर फटके किंवा ताकदीचा व्यायाम.

जागेबद्दल. गच्चीवरचा सिमेंटचा पृष्ठभाग घोट्याला आणि नडगीला वाईट. तिथं हेइआन गोदान, एनपी किंवा कांकू दाईमधली उडी घेऊ नका, जागेवर बसून पुढं जा. पावसाळ्यात शेवाळलेल्या गच्चीवर आणि ओल्या गवतावर फक्त हाताचं काम. काता पूर्ण उलगडायला सहा-सात मीटर जागा लागते. नसेल तर मधे दोन पावलं मागं येऊन पुढं चालू ठेवा, पण पवित्रा आखूड करू नका.

माकिवारा (ठोसे मारायची उभी फळी) लावायचा असेल तर फळी लवचीक हवी, रेषा सरळ असलेल्या लाकडाची, खाली जाड आणि वर निमुळती. पवित्र्यात उभं राहिल्यावर गादी छातीच्या पातळीला यावी. गादीवर काथ्याची दोरी गुंडाळली तरी चालते. भिंतीला ठोकलेली उशी म्हणजे माकिवारा नाही. ती मागं हटत नाही, आणि सगळा धक्का मनगट व कोपरात येतो. सुरुवातीला प्रत्येक हातानं दहा-पंधरा, अर्ध्या जोरानं, पहिल्या दोन गाठींवर. कातडी फाटली की जखम भरेपर्यंत बंद. वाढत्या वयाच्या मुलांना माकिवारा देऊच नका.

नवीन काता चित्रफितीवरून शिकावा का? साधारणपणे नाही. चित्रात दिसते ती प्रत्येक हालचालीची शेवटची स्थिती; एकातून दुसरीत वजन कसं गेलं ते दिसत नाही, आणि काता म्हणजे तेच. एकदा चुकीचं अंगात बसलं की काढायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. अपवाद इतकाच की ज्यांना पाच हेइआन, तेक्की आणि बास्साई दाई नीट येतात त्यांनी जिऑनचा आराखडा पाठ करायला हरकत नाही. त्यातली बहुतेक सामग्री किहोनचीच आहे. तोही कच्चा समजायचा, कोणी बघेपर्यंत परीक्षेला न्यायचा नाही.

लाठी, दांडपट्टा शिकणाऱ्यांचे वस्ताद गेले तरी वरचं बरंचसं लागू पडतं, एक सोडून. धारेचं हत्यार वस्तादाशिवाय बाहेर काढू नये. पट्ट्यात हात कोपरापर्यंत खोबणीत अडकलेला असतो, मनगट मोकळं नसतं. चुकलेला फेरा आयत्या वेळी थांबवता येत नाही. बोथट पात्यावर फेऱ्यांचा सराव करा, आणि हात अधिक पातं अधिक एक पाऊल एवढ्या घेरात कोणी नको.

कुमिते

इथं चूक झाली तर दवाखाना. सर हे ब्रेक होते, हे बहुतेक गटांना पहिला दात हलल्यावर कळतं. म्हणून पहिले तीन महिने मोकळी कुमिते बंद. गोहोन (सलग पाच ठरलेले हल्ले), किहोन इप्पोन (एक ठरलेला हल्ला) आणि जियू इप्पोन (हलत्या पवित्र्यातून एक ठरलेला हल्ला) एवढंच.

या ठरावीक सरावाचाही घात होतो, पण उलट दिशेनं. रोजचे जोडीदार एकमेकांना सांभाळून घेऊ लागतात: हल्ला चार बोटं आखूड पडतो किंवा कानाशेजारून जातो, आणि अडवणारा हवा अडवतो. तपासायचं असं. आधी सांगून दर पाचव्या हल्ल्याला बचाव करणाऱ्यानं जागेवर उभं राहायचं. छातीवरची मूठ गणवेशाला टेकून थांबली पाहिजे. टेकली नाही तर अंतर खोटं. आत घुसली तर ताबा नाही. चेहऱ्यावरच्या हल्ल्यात स्पर्श करायचा नाही, दोन बोटं अलीकडे थांबायचं. जोडीदार दर तीन मिनिटांनी बदला, आणि उंच-बुटके मुद्दाम एकत्र लावा.

मोकळी कुमिते सुरू कराल तेव्हा दीड मिनिटाच्या फेऱ्या, दातांचं संरक्षक, हातमोजे, नडगीरक्षक, पुरुषांना जांघेचं गार्ड. प्रत्येक जोडीमागं एक न खेळणारा, ज्याच्या ‘यामे’ (थांबा) या हुकमावर दोघंही थांबतात, त्याचा बेल्ट खालचा असला तरी. अठरा वर्षांखालच्यांना डोक्याला स्पर्श पूर्ण बंद. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, धूसर दिसणं किंवा गोंधळ झाला तर त्या दिवसाचा सराव संपला, बरं वाटलं तरी. पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी किंवा झटके आले तर थेट रुग्णालयात. जोडीच्या सरावात परत येणं डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

पुढे कोण उभं राहणार

पहिल्याच आठवड्यात नवे सर नेमू नका. दोन शोदानांपैकी एक नेमला की दुसरा निघतो, आणि त्याच्याबरोबर निम्मी मुलं. कामं वाटा: एकजण किहोन आणि मोजणी, एकजण काता आणि त्या तीन याद्या, एकजण कुमितेची सुरक्षितता, एकजण फी आणि हॉल. जबाबदारी महिनाभरासाठी द्या. रोज वेगळा पुढे आला तर दर दिवशी नवी सुरुवात होते, कशालाच पुढचं पाऊल मिळत नाही.

सराव चालू असताना दुरुस्ती एकानंच करायची, आणि एका माणसाला एका वेळी एकच. दोघं वरिष्ठ दोन बाजूंनी सांगू लागले की समोरचा ताठरतो. मतभेद झाला तर वहीत लिहा, पुढं चला. बाहेरचे सेन्सेई (शिक्षक) आले की वही त्यांच्यापुढे ठेवा. जी वही अशा वादांनी भरलेली असते तीच पुढच्या शिबिरात सगळ्यात उपयोगी पडते.

लहान मुलांच्या तुकडीत सोळा-सतरा वर्षांच्या ब्राउन बेल्टला एकटं उभं करू नका. हॉलमध्ये दोन सज्ञान माणसं हवीत, आणि पालकांना कोण शिकवतंय हे लेखी कळवलेलं हवं. फी अर्धी करा किंवा फक्त हॉलच्या भाड्यापुरती घ्या. शिक्षक नसताना शिक्षकाची फी घेणं बरं नाही, आणि पालकही ते विसरत नाहीत.

बाहेरचा डोळा

एक शैली, शक्यतो एकच गुरुपरंपरा, आणि एकच माणूस. वर्षात तीन वेगवेगळ्या सेन्सेईंची तीन शिबिरं घेतली तर तीन वेगळ्या दुरुस्त्या हातात येतात आणि एकही बसत नाही. सरांचे स्वतःचे शिक्षक किंवा गुरुबंधू हयात असतील तर पहिला फोन त्यांना. दर तीन महिन्यांनी शनिवार-रविवार, दिवसाला दोन सत्रं. प्रवास, राहणं आणि मानधन बारा-पंधरा जणांत वाटलं की परवडतं. त्यांना नवीन काता मागू नका. दुसरी आणि तिसरी यादी, महिन्याची चित्रणं आणि गटातले पाच प्रश्न आधीच पाठवा. आल्यावर पहिलं सत्र त्यांनी फक्त बघावं अशी विनंती करा. चित्रणाची परवानगी विचारून घ्या.

मधल्या महिन्यांत चित्रफीत पाठवून विचारता येतं: एक काता, दोन बाजू, काटछाट न करता, स्लो मोशन न करता, सोबत एकच प्रश्न. पवित्रा, क्रम, वेग, कंबर एवढं पडद्यावरून कळतं. जोडीदाराचा दाब, अंतर, नेमकी वेळ यांतलं काही कळत नाही. त्यासाठी दीड तासाचा प्रवास करून महिन्यातून दोनदा त्या शहरातल्या क्लासला जावं. दोघा-तिघांनी आळीपाळीनं गेलं तरी गटाला फायदा होतो.

त्या क्लासला जाताना कुठला बेल्ट बांधू हे आधी फोनवर विचारा. तिथं ‘आमच्याकडे असं नव्हतं’ हे वाक्य वर्षभर गिळा. तिथं कायमचं जायचं ठरलं तर सहा महिने त्यांच्या पद्धतीनं पूर्ण करा, आणि जुना काता घरी आठवड्यातून एक दिवस ठेवा. शैलीच बदलावी लागली तर जुने पवित्रे काही काळ बिघडतील, हे धरून चाला.

काही ठिकाणांहून मात्र परत फिरा. जिथं पहिल्याच दिवशी तुमचे सगळे बेल्ट रद्द ठरवून प्रत्येकाची परीक्षा फी सांगितली जाते; जिथं ब्लॅक बेल्टची तारीख आधीच मिळते; जिथं पालकांना आत बसू देत नाहीत. आणि तुमचे आधीचे सर मृत्यूमुळे नव्हे तर गैरवर्तनामुळे गेले असतील, तर तंत्र पुढं न्या, नाव नको. मुलांशी लैंगिक गैरवर्तनाची तक्रार असेल तर ती गटात मिटवायची बाब नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

नाव, कागद, बेल्ट

मोठ्या घराण्यांत गुरू गेल्यावर फूट पडली ती बहुतेकदा ठोसा कसा मारायचा यावरून नव्हे. गोजू-र्यू शैलीचे संस्थापक मियागी चोजुन १९५३ मध्ये गेले आणि तिच्या जुंदोकान, मेइबुकान, शोरेईकान अशा शाखा झाल्या. काता आजही सहज ओळखू येतात, तपशील वेगळे. फुनाकोशी १९५७ मध्ये गेले तेव्हा जपान कराटे असोसिएशन आणि शोतोकाई या त्यांच्याच शिष्यांच्या दोन संघटनांचं अंत्यविधीवरूनच बिनसलं. क्योकुशिन शैलीचे संस्थापक ओयामा १९९४ मध्ये गेल्यावर तिच्या अनेक संघटना झाल्या, वाद वारसदारीचा. तुमच्या हॉलमध्येही भांडण झालंच तर ते नाव, खातं आणि सही यांवरून होईल.

म्हणून क्लासचं नाव, बोधचिन्ह आणि साहित्य कोणाचं, हे सरांच्या घरच्यांशी बसून ठरवा, आणि एका कागदावर लिहून घ्या. हॉलची परवानगी आणि संघटनेचं संलग्नता पत्र बहुधा सरांच्या वैयक्तिक नावे असतं. ते आपोआप तुमच्याकडे येत नाही, शाळेकडे आणि संघटनेकडे नव्यानं अर्ज करावा लागतो. संस्था नोंदवायची झाली तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावं लागतं. पहिल्या वर्षात ही घाई नको. शालेय स्पर्धांसाठी मात्र कुठली संघटना सध्या मान्य आहे ते प्रत्येक वर्षी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. कराटेत ही मान्यता बदलत आलेली आहे.

बेल्ट परीक्षा आपसात घेऊ नका. शोदाननं शोदान द्यायचा नसतो, आणि असं दिलेलं प्रमाणपत्र बाहेर कोणी धरत नाही. मुलांना वर्षभर बेल्ट मिळणार नाही हे पालकांना स्पष्ट सांगा. काही मुलं जातील. बहुतेक संघटनांत शोदाननंतर निदानला (दुसऱ्या पायरीला) किमान दोन वर्षं लागतात, त्यामुळे शोदानांचं वर्ष तसंही वाया जात नाही.

आत्ता, कागद हाताशी आहेत तोवर, प्रत्येकाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मुख्य संघटनेच्या नोंदीत आहे का ते तपासून घ्या. परीक्षा झाली, फी भरली, पण नोंद पुढे गेलीच नाही असं वरचेवर आढळतं, आणि सरांनी ठेवलेली पावती घरच्यांनी रद्दीत घालण्याआधीच ते दुरुस्त होऊ शकतं. ज्यांच्या प्रमाणपत्रावर फक्त सरांची सही आहे त्यांना नवी संघटना पुन्हा परीक्षेला बसवेल, कदाचित एक पायरी खालून. बसा. तयारी त्याच काताची करा जो वर्षभर तपासून घेतलाय, आणि परीक्षकांनी जे फरक दाखवले ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवा.